‘बरी आहे’चं रेकॉर्डिंग

मला किडनीचा जुना आजार आहे. तो बरा होणारा नाही, गोळ्यांवर रेटायचा. नवरा वेगळा राहतो आणि मुलगी माझ्याकडे, मुलुंडला. माझं काही झालं तर तिचं शिक्षण अर्धवट राहू नये, एवढ्यासाठीच मी आयुर्विमा काढायला निघाले. इमारतीतला विमा एजंट म्हणाला, "ताई, किडनीचं कशाला लिहिता? कोण बघायला येतंय?" उद्या माझ्या पोरीला पैसे द्यायची वेळ आली की बघायला सगळे येतील, असं मी त्याला चांगलंच सुनावलं. अर्जात सगळं खरं लिहिलं, रिपोर्ट जोडले.

मग कंपनीचा पडताळणीचा फोन आला. मी स्टेशनबाहेर भाजी घेत होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आता तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"काही त्रास?"

"नाही गं, चाललंय छान."

दुसरं काय म्हणणार? आपल्यात तब्येत विचारली की बरी आहे म्हणतात. माझे वडील तर भेटायला आलेल्यांना ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून "बरं आहे" सांगायचे.

अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर माहितीत विसंगती. मी तणतणत अंधेरीचं ऑफिस गाठलं. तिथल्या साहेबाने मला माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं. "कागदावर तुम्ही आजारी, फोनवर ठणठणीत. आम्ही काय समजायचं?" हा माणूस चांगला मराठी, गिरगावात वाढल्यासारखा बोलत होता. माझं डोकंच फिरलं.

"तुमच्या आईची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे."

"हिंडतात-फिरतात ना?"

"नाही, पडल्यापासून अंथरुणावरच..." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नव्याने अर्ज करा. फोन आला की सगळं सविस्तर सांगा." माफी वगैरे काही नाही. त्याची चूक त्याला कळली आणि तिची शिक्षा पुन्हा मलाच.

दुसरा फोन संध्याकाळी घरी आला. या वेळी मी काहीच हातचं राखलं नाही. रागच एवढा होता की मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. क्रिएटिनिन किती, घोट्यांवर सूज कधी येते, दाबलं की खळगा कसा पडतो, उलट्या किती होतात, सगळं.

"डायलिसिस लागेल असं डॉक्टर म्हणालेत का?"

"म्हणालेत. दोनेक वर्षांत. झालं का रेकॉर्ड? का परत सांगू?"

फोन ठेवला तेव्हा पोळी करपल्याचा वास आला. मुलगी ओट्याशी उभी होती, हातात उलथनं तसंच. तिला मी इतकी वर्षं प्रेशरच्या गोळ्या आहेत एवढंच सांगत आले होते. तिला कधी आणि कसं सांगायचं हे मी ठरवणार होते. तोही हक्क या लोकांनी माझ्याकडून घेतला, आणि याचा संताप मला विम्यापेक्षा जास्त येतो.

अर्ज अजून विचाराधीन आहे. मुलगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच खाली बसते, माझ्या घोट्यावर अंगठा दाबते आणि खळगा पडतो का ते बघते.