दोघींसाठीचा शब्द

फुलवंतीचा हात वर आला आणि मी पटकन फळ्याकडे वळले. मेळघाटातल्या आमच्या सरकारी शाळेत त्या वर्षी पाचवीला संस्कृत सक्तीचं झालं आणि ते माझ्या वाट्याला आलं. मी स्वतः कधी संस्कृत शिकले नव्हते. आदल्या संध्याकाळी पाठ करायचं, सकाळी शिकवायचं आणि कुणी काही विचारू नये म्हणून देवाचा धावा करायचा, असं चाललं होतं.

फळ्यावर मी लिहिलं होतं, 'बालिका गच्छति', खाली 'बालिकाः गच्छन्ति'.

"बाई, दोघीच जात असल्या तर? आमच्या कोरकू बोलीत दोघांचं वेगळं असतं."

"एक नाहीतर अनेक! संस्कृतात तिसरं काही नसतं. बस खाली."

घाबरलेला माणूस किती ठामपणे बोलतो!

घरी येऊन पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. 'बालिके गच्छतः'. दोघी जातात. माझ्या मराठीत नसलेली गोष्ट तिच्या बोलीत होती आणि संस्कृतातही होती. ती मुलगी या भाषेच्या माझ्यापेक्षा जवळ उभी होती आणि मीच तिला खाली बसवलं होतं. आपण मुलांना भाषा देतो की भाषेची भीती, हा विचार मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी म्हटलं, "फुलवंती, उभी राहा." कालची माझी चूक सांगून 'बालिके गच्छतः' लिहायला मी खडू उचलला.

ती उभी राहिली.

"चुकलं, बाई. परत नाही विचारणार."