बाईच्या हाताचं लॉक

ऊर्जानगरच्या क्वार्टरांत दाराचं लॉक अडकलं की सगळे एकाच सुतारभाऊंना बोलावतात. भाऊ येतात ते भांडणाच्या तयारीनं. दार दोनदा लोटतात, कान लावून ऐकतात आणि आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करतात. या पावसाळ्यात आमच्या दाराशीही तेच झालं.

"कोन्या अडान्यानं बसवलं हे? दांडा खाली, भोक वर. दोघाईची भेटच नाई होऊन राह्यली."

"भाऊ, उन्हाळ्यात तुम्हीच बसवलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "तवा लाकूड वाळलं होतं. आता पानी पिऊन फुगलं. त्यात माही काय चूक?"

मग पटाशीनं चौकटीतलं भोक त्यांनी इतकं हळुवार वाढवलं, की दाराची माफीच मागत असावेत. मी आतली कळ फिरवून पाहिली. मस्त फिरली. भाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाईले बोलवा."

संधिवातानं बोटं वाकलेली माझी आई आली. तिला कळ फिरेना. भाऊंनी लॉक पुन्हा खोललं, घासलं, तेल दिलं. तिसऱ्या खेपेला आईनं दोन बोटांनी दार उघडलं, तेव्हा कुठे त्यांनी हत्यारं पिशवीत भरली.

"पण भाऊ, बाहेरून मजबूत आहे ना?"

"हाये नं. पन चोर आला तं एखाद्या दिवशी येईन. बाई तं रोजच आत हाये."

मी ड्यूटीवर गेलो की आई दार नुसतं लोटून ठेवायची, आणि मी रोज तिच्यावर चिडायचो. कारण विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.