पोटरीतली लाल रेघ

शरीररचना विभागातल्या चित्रकारबाईंच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. बावीस वर्षं एकाच खिडकीपाशी बसून त्या हाडं, स्नायू, रक्तवाहिन्या काढत आल्या होत्या. हात सरळ आणि जीभ तिखट. विभागप्रमुखांशी तर त्यांचा उभा दावा.

त्या वर्षी प्रमुखांनी पोटरीतल्या एका मज्जातंतूचा अभ्यास हाती घेतला. हाताचा तंतू तुटला, की सर्जन हा पोटरीतला तंतू काढून तिथं जोडतात. सोबत त्याला रक्त पुरवणारी वाहिनीही उचलता आली, तर जोड जगण्याची आशा जास्त. म्हणून वीस मृतदेहांच्या एकेका पायातल्या रक्तवाहिन्यांत लाल रंग भरला आणि बाई एकेक पाय निरखू लागल्या. तेरा पायांत ती वाहिनी अर्ध्या पोटरीतच तंतूची साथ सोडत होती. बाईंनी तसंच काढलं.

"घोट्यापर्यंत न्या," प्रमुख म्हणाले.

"तिथं नाहीये ती."

"सात पायांत आहे ना? बाकीच्यांत रंग नीट गेला नसेल."

"मग पुन्हा भरा. दिसली तर काढेन."

"बाई, तुमचं काम हात चालवायचं."

"उद्यापासून डोळे घरी ठेवून येऊ?"

प्रमुखांनी कागद ओढून नेला. चार महिन्यांनी प्रमुखांचं पुस्तक छापून आलं. लाल रेघ थेट घोट्यापर्यंत गेली होती. खालचा भाग दुसऱ्याच हाताचा, जाडाभरडा. सही मात्र बाईंची. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रंथालयात जाऊन त्यांनी चारही प्रती मागवल्या आणि चित्रातल्या अर्ध्या पोटरीवर खूण करून शेजारी शाईनं लिहिलं, 'या खुणेखालचं मी काढलेलं नाही. तेरा पायांत इथे वाहिनी नव्हती.'

"पुस्तकं खराब केली हिनं!" प्रमुख अधिष्ठात्यांपुढे कडाडले.

"ती छापतानाच झाली होती," बाई म्हणाल्या.

बाईंची रवानगी तळघरातल्या कोठारात झाली. काम काय, तर बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

"एका रेघेपायी एवढं?" घरी धाकटी बहीण करवादली. "माफी माग आणि मोकळी हो."

"ती रेघ बघून कुणी तंतू उचलला आणि खालचा अर्धा रक्ताविना सुकला, तर? सही माझी आहे."

बहिणीनं ताटं आदळली. दोघींचा अबोला आठवडाभर टिकला.

पुढं एका सर्जननं ती शाईतली टीप वाचली आणि प्रमुखांना खुलासा मागितला. झक मारत त्यांनी आणखी दहा पायांत रंग भरला. सहांत वाहिनी अर्ध्यावरच सुटली. दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही प्रकार छापले. चित्रं दुसऱ्या कुणाची, बाईंचा उल्लेख नाही. नंतर शिपायाकरवी निरोप आला, की बाईंनी वर यायला हरकत नाही.

"हरकत त्यांनी घेतली होती, त्यांनीच येऊन सांगावं," बाई म्हणाल्या.

प्रमुख एक मजला खाली उतरले नाहीत. बाई कोठारातूनच निवृत्त झाल्या.