उल्हासकाकांचं ताक आणि घोडीचं दूध

अमेरिकेत जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या मराठी मंडळात अध्यक्ष बदलत राहतात; ताक मात्र कायम उल्हासकाकांकडे. याला लोकशाही म्हणतात. गणपतीच्या जेवणाचं ताक काका एकटे घुसळतात आणि ते पिऊन कुणी नुसतं 'छान' म्हटलं की दुखावतात. "छान काय? जिभेला कुठे लागलं ते सांगा!" पेशाने ते सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, म्हणून घरी आल्यावर हीच सेवा ते फुकट देतात. दुकानातल्या दह्याला पांढरा डिंक म्हणतात. परक्या घरचं ताक ओठाला लावत नाहीत.

अशा माणसाच्या लेकीने, ज्ञानदाने, जर्सी सिटीत नोकरी करता करता येरलान नावाचा, तिच्याकडून कामापुरतं मराठी शिकलेला कझाक मुलगा पसंत केला. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, "बघू" म्हणाले. काकांचं 'बघू' म्हणजे आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग. नकार नाही, आणि होत तर काहीच नाही. ज्ञानदाही त्यांचीच मुलगी. "बाबा, तुम्ही मनापासून हो म्हणाल तेव्हाच करीन," म्हणाली आणि वाट बघत बसली.

शेवटी येरलान आईलाच घेऊन आला. साउलेबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्या प्रसन्न होत्या. भेट म्हणून त्यांनी आणलं होतं किमिझ, म्हणजे घोडीचं दूध घुसळत घुसळत आंबवून केलेलं त्यांच्या गवताळ मुलखातलं पेय. त्यासाठी जॉर्जियातला एक घोडेवाला हुडकून काढला होता. येरलानने ज्ञानदाला आधीच सांगून ठेवलं होतं, की आईने हाताने दिलेला वाडगा परत आला तर आई नातंच परत आलं असं समजेल.

मी शेजारी. सुमित्राकाकूंनी मला "साक्षीला असू दे कुणीतरी" म्हणून बोलावलं होतं.

साउलेबाईंनी वाडगा पुढे केला. काकू कुजबुजल्या, "अहो, यात थोडी दारू असते म्हणे."

"किंचित. वाचलंय मी सगळं," काका म्हणाले. म्हणजे अभ्यास झाला होता!

त्यांनी वाडगा हुंगला, उजेडात धरला, घोट घेतला आणि डोळे मिटले. ज्ञानदाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "बाबा, प्लीज. फक्त 'नाइस' म्हणा ना!"

काकांनी खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांच्यातला टेस्टर जिंकला. "चव आहे. पण घुसळायला कमी पडलंय. टेल हर."

येरलान म्हणाला, "अंकल, शी विल बी सो हॅपी यू लाइक्ड इट."

"ते नाही. मी म्हटलं तेच सांग."

बिचाऱ्याने सांगितलं. साउलेबाई ताडकन उठल्या. काकू देवाकडे बघू लागल्या. बाईंनी काकांकडे बोट केलं, मग लेकाकडे, आणि त्याच्या पाठीत असा रट्टा घातला, की वाडग्यातलं किमिझ हललं. मागोमाग कझाक भाषेत तोफखाना.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

येरलान पाठ चोळत स्वतःच्याच आरोपपत्राचं भाषांतर करू लागला. "शी सेज... घुसळायचं काम माझं होतं. मी हेडफोन लावून गेम खेळत बसलो. ती म्हणते, बाकी सगळ्यांनी पिऊन 'व्हेरी नाइस' म्हटलं. तोंडात जीभ असलेला माणूस तिला अमेरिकेत आज भेटला."

काका फुलले. "बघ! आणि गेम कसला खेळतोस रे गाढवा? दूध आंबतंय आणि तू गेम खेळतोस?"

काकूंनी डोक्याला हात लावला. "अहो, होणाऱ्या जावयाला गाढव म्हणतात का?"

"मग काय आरती करू? आळशी आहे!"

ज्ञानदा हळूच म्हणाली, "म्हणजे नको का, बाबा?"

"नको कसा? आळशी आहे म्हटलं, वाईट आहे म्हटलं का मी?" काकांनी उरलेलं किमिझ संपवून वाडगा पुन्हा भरून घ्यायला साउलेबाईंपुढे केला. "ज्ञानदा, त्याला सांग, उद्यापासून सकाळी रवी त्याच्या हातात. लग्नाचं ताक तोच घुसळेल."