पाटावरचा पाना

“तू उंबऱ्याबाहेर थांब रे. पूजा होईस्तोवर आत पाय टाकू नकोस.”

मालक म्हणाला. सगळ्यांच्या देखत. माझे हात अजून रॉकेलने ओले होते.

खंडेनवमीचा दिवस. घाटकोपरच्या त्या फर्निचरच्या कारखान्यात शेपर मशीन मी चालवायचो. चौकटींच्या कडांना गोलाई काढायची मशीन. मधे उभा दांडा, त्यावर कटर, भिंगरीसारखा फिरतो. सकाळपासून मीच तिला पुसून लखलखीत केली होती. कटर काढला, धुतला, परत चढवला. वरचा नट मात्र नुसता हाताने फिरवून ठेवला होता. आवळायचा पाना पूजेच्या पाटावर गेला होता. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

“मालक, पाना द्या जरा. नट आवळायचाय.”

“पूजेतल्या वस्तूला हात लावतोस? अक्कल आहे का?”

वर्षभर तो पाना माझ्याच मुठीत. त्या दिवशी तो देव झाला नि मी विटाळ. कामावर लागताना आडनाव सांगितलं, तेव्हा हाच हसून म्हणाला होता, “आपल्याकडे तसलं काही नाही.” सगळं होतं. पूजेच्या भांड्यांबरोबर वर्षातून एकदा बाहेर निघायचं, एवढंच.

उन्हात उभा राहिलो. बरोबरचे कामगार आत हात जोडून. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. मालकाचा राग आला, त्याहून जास्त त्यांचा आला.

मालकाच्या आईने आरती ओवाळली. दांड्याला हार घातला. नारळ फुटला. आणि मालकाला हुक्की आली. “आई, मुहूर्ताला जरा फिरवून दाखवतो.”

कटर सुटला असता तर समोर म्हातारी उभी. मी ओरडलो, “बटण दाबू नका! नट ढिला आहे!”

“शुभ वेळेला तोंड बंद ठेव!”

मी उंबरा ओलांडला. भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि मशीनवर हात टेकून मधे उभा राहिलो.

“शिवला गं बाई!” म्हातारी किंचाळली. जीव वाचला त्याचं काही नाही.

कारखान्याच्या मेस्त्रीने तो नट चिमटीत धरून बघितला. बाटलीच्या झाकणासारखा फिरला. मालकाने गोमूत्र मागवलं. मशीनवर शिंपडलं, स्विचवर शिंपडलं, मी उभा होतो तिथे शिंपडलं. मग मला म्हणाला, “उद्या लवकर ये हां. बोरीवलीच्या सोसायटीचा माल जायचाय.”

वा रे वा! उद्या हेच हात चालणार होते.

माझं डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. याच मशीनने नेलं. कटरवर झाकणासारखा बसणारा गार्ड लावला की काम हळू होतं, म्हणून मालकाने तो काढून कोपऱ्यात टाकला होता. पोटासाठी मी उघड्या कटरवर लाकूड सरकवत होतो. बोट गेलं तेव्हा मशीनचं टेबल रक्ताने भिजलं होतं. ते अर्धं बोट मी त्याच्या तोंडासमोर धरलं.

“हे गेलं तेव्हा गोमूत्र का नाही शिंपडलंत?”

“आवाज खाली. फार माजलात तुम्ही लोक.”

तुम्ही लोक. बास झालं. मी पाटावरचा पाना उचलला, हळदकुंकवासकट. नट आवळला. कोपऱ्यातला गार्ड आणून बसवला, कारण उद्या तिथे दुसरा कोणी गरीब उभा राहणार होता. पाना पाटावर परत ठेवला नि निघालो. घरी बायको रडली. मला रडू आलं नाही, नुसता जाळ होता आत.

त्यानंतर मुलुंड, अंधेरी, बरेच कारखाने फिरलो. कुठेही गेलो की आधी विचारतो, गार्ड कुठाय? आणि खंडेनवमीला मी कुठे उभा राहणार? काही मालक चिडतात. काही हाकलतात. हाकला. उरलेली बोटं माझी आहेत. माझे हात पाहिजेत तर हातांमागचा माणूस उंबऱ्याच्या आत घ्यावा लागेल. नाहीतर मशीन तुमची तुम्ही फिरवा.