नंबरवाली मावशी आणि ओढ्याकाठचा चष्मा

चष्म्याच्या दुकानातल्या मावशीला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, असा तिचा दावा. आम्हा शेजाऱ्यांच्या मते ती मुद्दाम विसरते. समोरच्या शिंप्याला ती त्याच्या चष्म्याच्या नंबरावरून तोंडावर 'पावणेदोन' म्हणते. त्याने एकदा चिडून विचारलं, "मी मेल्यावर पाटीवर हेच लिहाल का?" मावशी म्हणाली, "तोवर सव्वादोन होईल, घाई कशाला?"

याच सवयीने तिने पोलीस चौकीतही घोळ घातला. चार वर्षांपूर्वी तिच्या ताईची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जंगलात पक्षी मोजायला गेली. विसरलेली बाटली आणायला ओढ्यापर्यंत मागे फिरली, पाचच मिनिटांसाठी, आणि जी गेली ती गेलीच. कुत्री फिरवली, ओढा पालथा घातला, मागमूस नाही. चौकीतल्या साहेबांनी वर्णन विचारलं तेव्हा ताईला हुंदका आवरेना, म्हणून मावशी पुढे झाली.

"उजवा उणे साडेसहा, डावा उणे सहा, बुबुळांमधलं अंतर एकसष्ट मिलिमीटर."

"बाई, उंची? रंग?"

"चष्म्याखाली मी कधी पाहिलंच नाही हो."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण लिहून घेतलं.

यंदा वनखात्याच्या माणसाला त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, दगडांच्या सांदीत एक चष्मा सापडला. तेच साहेब तो पाकिटात घालून भर दुपारी दुकानात आले. ताईलाही बोलावून घेतलं होतं. तपकिरी, गोल काचांचा, पोरीचा होता अगदी तसाच. ताईने एक नजर टाकली आणि स्टूल ओढून बसली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "नंबर जुळला तर शोध थांबवावा लागेल. फाईल बंद."

"आधी बाजूला व्हा, उजेड अडवताय," मावशी म्हणाली. "आणि तुमचा पाऊण होता ना? डोळे बारीक करताय. सव्वा झालाय."

"मावशी, आत्ता ते राहू द्या."

"मी देईन हो राहू, डोळे ऐकतील का?"

तोंड चालू होतं, हात मात्र नळाखाली. माती केव्हाच निघाली, तरी ती साबण चोळतच होती. असल्या तपकिरी फ्रेमा तिने डझनांनी विकल्या होत्या. पण आत्ता त्या घालणाऱ्यांतला एकच चेहरा तिच्यासमोर उभा होता, चष्म्याखालचासुद्धा, हनुवटीवरच्या तिळासकट.

"झिजवून टाकशील काच," ताई म्हणाली. "लाव एकदाची."

मावशीने काच नंबर मोजायच्या यंत्रात ठेवली, डोळा लावला, चकती फिरवली. पसरट हिरव्या रेषा हळूहळू बारीक झाल्या. मग दुसरी काच. मग पुन्हा पहिली.

"बोल की गं! एरवी तोंडाला कुलूप नसतं तुझ्या."

"तूच ये. मी सांगितलं तर म्हणशील, माझं मन राखायला थापा मारतेय."

ताईने डोळा लावला.

"रेषा स्वच्छ दिसतायत? आता चकतीवरचा आकडा वाच. मोठ्याने, साहेबांना ऐकू जाऊ दे."

"अडीच... उणे अडीच."

मावशीने यंत्रातली काच बदलली. "दुसरी?"

"तीपण अडीचच."

"हा घालून आपल्या पोरीला झाड कुठलं आणि मास्तर कुठला, एवढंही कळलं नसतं!" मावशी म्हणाली, आणि मघापासून वाहत राहिलेला नळ तिने बंद केला.

साहेबांनी लिहिलं: जुळत नाही, तपास चालू. मग चष्म्याकडे पाहत म्हणाले, "मग हा कुणाचा?"

"कुणाचा तरी आहेच ना? त्यालाही शोधा. बसला असेल कुठे चाचपडत."

साहेब चौकीत फोन करायला बाहेर गेले; चष्मा अजून यंत्रातच होता. ताई यंत्राला डोळा लावून तिथेच बसलेली.

"आता आणखी काय बघतेस?"

"थांब गं, डावी पुन्हा एकदा बघू दे." जरा वेळाने ती वैतागून म्हणाली, "रेषा परत पसरल्या. बिघडलंय तुझं हे यंत्र."

"यंत्राला काही झालेलं नाही," मावशीने तिच्यापुढे फडकं धरलं. "डोळे पूस आधी."