उजव्या हातानं फेकलेलं संत्रं

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत एक म्हातारा डाव्या हातानं फळं निवडून दूरच्या क्रेटमध्ये फेकायचा. एकही चुकत नसे. मी सौसरहून संत्री घ्यायला गेलो होतो; माझी जीभ गप्प बसते थोडीच!

"काकाजी, उजवा हात काय भाड्यानं दिला?"

"गोटमारीत गेला," तो हसून म्हणाला.

तरुणपणी तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा, होता. एका मोठ्या संघानं त्याला पगारावर बोलावलं होतं, पोळ्यानंतर निघायचं होतं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची गोटमार असते. दोस्तांनी डिवचलं, "पगाराचा हात जपून राहिला का बे?" तो नदीवर उतरला आणि संध्याकाळपर्यंत फेकत राहिला. त्याला एकही दगड लागला नाही. खांदा स्वतःच्याच फेकीनं गेला आणि संघही सुटला.

"पिचरनं किती चेंडू फेकले, हे मोजाले तिकडे मानूस असते, भाऊ. नदीवर कोन मोजते?"

मी पिशवीतला लांब मुळा बॅटसारखा उगारून उभा राहिलो. "एक होऊन जाऊ द्या, काकाजी! उजव्यानं!"

हमाल थांबून पाहू लागले. त्यानं संत्र्यावर दोन बोटं नीट बसवली, गुडघा छातीपर्यंत उचलला. क्षणभर तो विशीतला दिसला. संत्रं निम्म्या वाटेतच पडलं.

मी तरीही जोरात मुळा फिरवला आणि ओरडलो, "हुकलो!"

तो खांदा चोळत म्हणाला, "उगाच नका फिरवू, भाऊ. चेंडू पोचलाच नाई."